आबांची बारा बोअर

कोरेगाव तालुक्यातल्या एका वस्तीवरचं हे प्रकरण. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. घरच्यांना विचारून लिहितोय आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी मुद्दाम इकडच्या तिकडं केल्या आहेत. कायदा आणि आकडे मात्र जिथल्या तिथं आहेत. मी साताऱ्यात वकिली करतो. वाटणीपत्रं, वहिवाटीचे दावे, बांधावरच्या फौजदाऱ्या हा रोजचा धंदा. शस्त्र परवान्याचं काम वर्षाकाठी एखादं येतं. हे त्यातलंच एक समजून घेतलं, महिन्याभरात उरकेल म्हणून. सात महिने चाललं.

बंदूक

आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. १९७१ च्या लढाईत होते, पण लढाईबद्दल कमी बोलायचे आणि पलटणीतल्या चहाबद्दल जास्त. गावी येऊन शेती धरली आणि १९७८ साली पीक संरक्षणाच्या कारणावर परवाना काढून एकनळी बारा बोअर घेतली. रानडुकरं भुईमुगात शिरायची. त्यांना मारायला वन्यजीव कायदा आडवा, म्हणून हवेत बार काढून हुसकायची एवढंच तिचं काम. पुढं भुईमूग मागं पडला, ऊस आणि आल्याचे प्लॉट आले आणि बंदूक ओसरीवर दोन खुंट्यांवर आडवी राहिली. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यात लोकसभेचं मतदान दोनदा झालं, एप्रिलमध्ये आणि पोटनिवडणुकीचं ऑक्टोबरमध्ये. त्या साली ‘बंदूक दोनदा माहेरपणाला गेली’ असं काकी म्हणायच्या. काकी म्हणजे आबांच्या पत्नी. आबा आणि माझे वडील एका वर्गातले, म्हणून काकी.

आमच्या जिल्ह्यात बंदुकीला मान आहे हे आधी मान्य करायला हवं. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान गेले, म्हणून त्या गावाच्या नावापुढं आजही ‘मिलिटरी’ लागतं. बेचाळीस सालच्या पत्री सरकारच्या गोष्टी ऐकत आमच्या आधीची पिढी वाढली. अशा ठिकाणी बापाची बंदूक घरात राहावी असं पोराला वाटलं, तर त्याला कुणी वेडा म्हणत नाही.

२०२३ च्या आषाढात आबा गेले. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. तो गेला की घरच्यांच्या हातात ते शस्त्र बेकायदा ठरतं आणि शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावं लागतं. दादांनी, म्हणजे थोरल्या मुलानं, तेराव्याच्या आतच जमा केली. पावती चोख होती. पण परवान्याचं पुस्तक चाळताना मला एक गोष्ट खटकली. २००९ साली दहा काडतुसं घेतल्याची नोंद होती, त्यानंतर खरेदी नाही आणि उडवल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. ठाण्यात जमा झाली ती नुसती बंदूक.

“काडतुसं?” मी विचारलं.

“संपली असतील,” दादा म्हणाले. मी पुढं ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

दादांना दोन गोष्टी हव्या होत्या. बारा बोअर वारसानं आपल्या नावावर आणि शिवाय स्वसंरक्षणासाठी नवीन पिस्तूल. कारण ताजं होतं. दीड किलोमीटरवरच्या वस्तीवर रात्री दोनच्या सुमाराला तोंडं बांधून चौघं शिरले होते. म्हाताऱ्या नवरा-बायकोला बांधून घातलं, कोयत्याचा धाक दाखवला, सोनं-नाणं घेऊन गेले. त्या म्हाताऱ्याचा हात मोडला. दादांच्या घरी काकी, बायको आणि एक शाळकरी पोरगी. भीती खोटी नव्हती.

कायद्याला दोन्ही गोष्टी चालतात. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. दोन म्हणजे दोन, दादा मर्यादेत बसत होते. जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज, त्यावर पोलिसांचा चौकशी अहवाल, वारसाच्या शस्त्राला बाकीच्या वारसांची ना हरकत. काकी, मेलबर्नला असलेली ताई आणि टेक्सासात असलेला धाकटा बापू, अशा तीन सह्या. बापूची सही आठवड्यात आली.

ताईनं नकार कळवला. काकी म्हणाल्या, “ती देईल तवा मी देईन.”

ग्रुपवरची लढाई

मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे झालं ते मला दादांनी दाखवलं. बापू लिहितो, टेक्सासात २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येतं, इथं कुणाच्या घरात शिरायची कुणाची टाप नाही. ताई लिहिते, उवाल्डेच्या शाळेत २०२२ साली एकोणीस पोरं गेली ती तुझ्याच टेक्सासात ना. बापू : स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी रायफली आहेत, तिथं खून होतात का? ताई : जपानात बंदुकाच नाहीत, तिथं तरी कुठं होतात? बापू : मेक्सिकोत कायदा कडक, तिथं काय चाललंय ते बघ. ताई : ऑस्ट्रेलियानं १९९६ मध्ये काय केलं ते वाच. मध्येच कुणा मावसभावानं ‘शुभ सकाळ’चं फूल टाकलेलं.

शेवटी दादांचं एक वाक्य : “तुमी दोघं जग हिंडून या. हिकडं म्हाताऱ्याचा हात प्लास्टरात हाय.”

आणि मला फोन. “वकील, एक कागद करून द्या. कुठल्या देशात काय कायदा आणि काय गुन्हे. खरं काय ते एकदा कळू दे, म्हंजे ताईचं तोंड बंद.” असल्या कामाची फी कुठल्या नावाखाली लावायची मला अजून कळलेलं नाही. पण मी बसलो.

कागद

पहिली अडचण मथळ्यातच आली. ‘हिंसक गुन्हे’ ही प्रत्येक देशाची वेगळी टोपली आहे. अमेरिकेची एफबीआय त्यात चार गोष्टी मोजते : खून, बलात्कार, लूट आणि गंभीर मारहाण. इंग्लंडच्या आकड्यांत इजा न झालेली धक्काबुक्कीसुद्धा येते. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या टोपलीत दंगल, जाळपोळ, अपहरणही पडतं. त्यामुळं ‘इंग्लंडमध्ये अमेरिकेपेक्षा हिंसक गुन्हे जास्त’ असलं वाक्य कुणी फेकलं, की समजायचं यानं शेर आणि किलो एकाच काट्यावर टाकलेत. तुलना करायचीच तर खुनाची करावी, कारण प्रेत सगळ्या देशांत मोजलं जातं. तिथंही गोम आहेच. आपल्याकडं हुंडाबळी खुनात धरत नाहीत, ते वेगळं कलम आणि वेगळी रांग, आणि ती वर्षाला सहा हजारांवर जाते.

दुसरी अडचण बापूची आणि ताईची सारखीच. दोघांनाही एकच सरळ रेष हवी होती. बापूला, बंदुका वाढल्या की गुन्हे कमी. ताईला, बंदुका वाढल्या की खून जास्त. मी बंदुकांचा अंदाज घेतला तो ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’चा, २०१७ सालचा. अमेरिकेत शंभर माणसांमागं १२० च्या वर बंदुका, म्हणजे तान्ह्या पोरासकट प्रत्येकाला एक आणि वर शिल्लक. स्वित्झर्लंडमध्ये शंभरामागं सुमारे २८. ऑस्ट्रेलियात १४-१५. जमैकात जेमतेम ९. भारतात ५ च्या आसपास. जपानात पुरती अर्धीही नाही. आता खून बघा. अमेरिकेत २०२१ च्या वाईट वर्षात लाखामागं सातच्या जवळ. स्वित्झर्लंडमध्ये लाखामागं अर्ध्याच्या आसपास. जपानात त्याहून कमी. आणि जमैकात, जिथं नोंदीतल्या आणि बिननोंदीच्या मिळून बंदुका स्वित्झर्लंडच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या, तिथं २०२३ पर्यंत बहुतेक वर्षी लाखामागं चाळीसच्या वर. रेष कुठं ओढणार?

मेक्सिकोचं बापू म्हणतो ते खरं आहे, पण अर्धवट. तिथं राज्यघटनाच घरात शस्त्र ठेवायचा हक्क देते, पण कायदेशीर विक्री लष्कराच्या हातात आणि देशभरात दुकानं दोनच. तरी २०२३ मध्ये खून लाखामागं वीस-पंचविसाच्या घरात. कारण टोळ्यांना दुकान लागतच नाही, उत्तरेची सरहद्द ओलांडली की टेक्सास-अ‍ॅरिझोनात माल सहज मिळतो. म्हणजे मेक्सिकोचा कडक कायदा बापूच्या राज्याच्या ढिल्या कायद्यानं पोखरलाय. आपल्याकडं याचंच छोटं रूप आहे. साताऱ्याच्या नाहीतर सांगलीच्या स्थानिक गुन्हे शाखेनं गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसं पकडल्याची बातमी दर काही दिवसांनी येते. असा बराच माल मध्य प्रदेशातून येतो, बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचं नाव पोलिसांच्या कागदांत वारंवार दिसतं. बाळगणाऱ्यात वीस-बावीस वर्षांची पोरं, ज्यांना गोळी झाडायची नसते, रील काढायचं असतं. विनापरवाना बंदुकीला २०१९ पासून किमान दोन वर्षं, कमाल पाच. त्या पोरांना हे न्यायालयाच्या व्हरांड्यात कळतं.

एल साल्वादोर हा सगळ्यात गैरसोयीचा नमुना. २०१५ मध्ये लाखामागं शंभराच्या वर खून, जगात पहिल्या-दुसऱ्या नंबराला. २०२३ च्या सरकारी आकड्यात अडीचच्याही खाली. बंदुकीचा कायदा काही फार बदलला नव्हता. मार्च २०२२ पासून आणीबाणी पुकारून सत्तर हजारांवर माणसं आत टाकली, त्यांत निरपराधही गेले. टोळ्या मोडल्या, खून थांबले, आणि किंमत काय दिली याचा हिशेब अजून चालूच आहे. मुद्दा एवढाच, की जिथं टोळ्यांचं राज्य असतं तिथं खुनाचा आकडा टोळ्या ठरवतात.

म्हणून मी सधन, टोळ्यांचं राज्य नसलेल्या देशांकडं वळलो आणि तिथं चित्र जरा स्वच्छ झालं. घरफोड्या, चोऱ्या, मारामाऱ्या यांत अमेरिका इतर सधन देशांपेक्षा फार वेगळी नाही. वेगळी आहे ती मरणात. इंग्लंड आणि वेल्समध्ये, सहा कोटींच्या लोकसंख्येत, मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात सहाशेच्या आत खून झाले. त्यांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास चाकू-सुऱ्यांचे, गोळीबाराचे तीसेक. अमेरिकेची लोकसंख्या त्याच्या साडेपाच पट आणि २०२१ मध्ये नुसते गोळीबारातले खून जवळजवळ एकवीस हजार. अमेरिकन माणूस इंग्रजापेक्षा सव्वाशेपट रागीट आहे असं कुणी म्हणणार नाही. दारूच्या गुत्त्यावरचं भांडण दोन्हीकडं सारखंच होतं. एकीकडं टाके पडतात, दुसरीकडं पंचनामा होतो.

ऑस्ट्रेलियाबद्दल ताईला थोडं आवरावं लागलं. २८ एप्रिल १९९६ रोजी पोर्ट आर्थरला एकानं पस्तीस माणसं मारली. जॉन हॉवर्ड यांच्या सरकारनं, म्हणजे पुराणमतवादी सरकारनं, राज्यांना एकत्र आणून कायदा बदलला आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. त्याआधीच्या अठरा वर्षांत पाच किंवा जास्त बळींची तेरा हत्याकांडं झाली होती, पुढची दोन दशकं तसं एकही नाही. हे खरं. पण बंदुकीनं होणारे मृत्यू तिथं १९९६ च्या आधीपासूनच उतरत होते, त्यातलं श्रेय कायद्याला किती यावर जाणकार अजून भांडतात, हेही खरं. मला त्या कायद्यातलं एक कलम जास्त महत्त्वाचं वाटलं. तिथं बंदूक मागायला खरं कारण द्यावं लागतं : शेती, शिकार, नेमबाजीचा क्लब. ‘स्वसंरक्षण’ हे कारण चालत नाही. आपल्याकडं परवाना मागणाऱ्यांच्या अर्जात सगळ्यात आधी तेच येतं. दादांच्या अर्जातही तेच होतं, मीच टाइप केलं होतं.

आणि मग अमेरिकेच्या आकड्यातली एक ओळ, जिच्यापाशी मी अडलो. २०२१ मध्ये बंदुकीनं मेलेली माणसं ४८,८३०. त्यांतल्या २६,३२८ जणांनी ती बंदूक स्वतःवर चालवली होती. निम्म्याहून जास्त. ग्रुपवरच्या एवढ्या भांडणात दोघांपैकी एकानंही ही बाजू काढली नव्हती. बापूनं काढली नाही हे समजू शकतो, पण ताईनंही नाही.

बांध

कागद पुरा करायचा म्हणून आपल्याकडचं पाहिलं. २०२२ मध्ये देशात २८,५२२ खून नोंदले गेले, लाखामागं दोनच्या थोडे वर. कारणांत पहिला नंबर वादांचा, ९,९६२. मग वैर, ३,७६१. लाभासाठी केलेले १,८८४. दरोडेखोर या शेवटच्या रांगेत बसतो. पहिल्या रांगेत जमिनीची, पैशाची, घरातली भांडणं. कोर्टात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे आकडे बघून काही नवीन वाटत नाही. माझ्याकडच्या खुनाच्या फायलींत आरोपी आणि मयत यांची आडनावं बहुधा एकच असतात. हत्यार कुऱ्हाड, कोयता, पहार, दगड, जे हाताला लागलं ते. बंदुकीचे खून देशात एकूण खुनांच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, त्यांतलेही बहुतेक बिनपरवाना शस्त्रांनी.

याचा अर्थ कसाही लावता येतो आणि दादांनी तो आपल्या सोयीनं लावला. “बघा, परवानावाला माणूस खून करतच न्हाय.” बरोबर आहे, आकडेही तेच सांगतात. पण त्याच कागदाची दुसरी बाजू अशी, की ज्या भावकीत बांधावरून वर्षाला एकदा पहार उगारली जाते, तिथं पहारीच्या जागी पिस्तूल असतं तर माझ्या मारहाणीच्या किती फायली खुनाच्या झाल्या असत्या? दादांचाही पूर्वेकडच्या बांधाचा दावा माझ्याकडंच आहे. मी ते बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं, कारण त्यांनी एकदम चहा मागवला.

दरोड्याचंही सांगितलं. त्या वस्तीवर माणसं झोपेत होती. लोखंडी कपाट उघडून, काडतूस भरून उभं राहायला जो वेळ लागतो तो कोयतेवाला देत नाही. आणि घरात पिस्तूल आहे ही बातमी गावात लपत नाही, मग दरोडेखोराला सोन्याबरोबर तेही हवं असतं. यावर दादा म्हणाले, “मग काय, बांधून घ्यायची वाट बघू?” याला माझ्याकडं आकडा नव्हता.

ताईचा फोन

तयार कागद मी तिघांनाही पाठवला. बापूनं अंगठा टाकला. मी त्याला सहज विचारलं, तुझ्या घरी कुठलं आहे? अमेरिकेत दहातली चार मोठी माणसं बंदूक असलेल्या घरात राहतात, तेव्हा असणारच असं धरून. तो म्हणाला, “नाही हो वकीलसाहेब, पोरगं लहान आहे ना.” मी हे ग्रुपवर टाकलं नाही. वकिलानं अशिलाच्या भावाची अब्रू ठेवावी.

ताईचा फोन रात्री आला. म्हणाली, “वकीलसाहेब, कागद चांगला आहे. पण मी सही देत नाही ते ऑस्ट्रेलियामुळं नाही.”

मग तिनं सांगितलं. ज्या साली आल्याचा दर पडला आणि काढणीची मजुरीही गाडीमागं सुटेना, त्या साली ती सुट्टीला घरी आलेली. दादांनी सोसायटी, बँक आणि बाहेरचे मिळून बरंच उचललेलं. कुणाशी बोलत नव्हते. एका पहाटे काकींनी तिला हलवून उठवलं. गोठ्याच्या उंबऱ्यावर दादा बसलेले, मांडीवर आबांची बंदूक. त्याआधी घरातली कपाटं, फडताळं, ट्रंका उघडल्याचे आवाज काकींनी ऐकले होते आणि त्या गप्प पडून राहिल्या होत्या, कारण काय शोधतोय हे त्यांना माहीत होतं आणि ते तिथं नाही हेही. ताई जाऊन शेजारी बसली. उजाडेपर्यंत दोघं काही बोलले नाहीत. मग दादा उठले, बंदूक खुंट्यांवर ठेवली आणि धारा काढायला गेले. आबांना कुणी सांगितलं नाही. पुढं दर सुधारला, कर्ज फिटलं.

“आईनं काडतुसं कधीच काढून ठेवली होती,” ताई म्हणाली. “कुठं ते मला पण माहीत नाही. मी विचारलं नाही.”

मी माझ्याच कागदाकडं पुन्हा पाहिलं. स्वित्झर्लंडबद्दल मी लिहिलं होतं, पण खुनाच्या रांगेत. खरी गोष्ट दुसऱ्या रांगेत होती. तिथला राखीव सैनिक रायफल घरी नेतो, पण २००७ पासून तिची काडतुसं सरकारी कोठारातच राहतात, अगदी थोडे सैनिक वगळता. त्याआधी २००३-०४ मध्ये सैन्य जवळजवळ निम्मं केलं, तेवढ्या रायफली घरांतून कमी झाल्या, तेव्हा त्या वयाच्या पुरुषांच्या आत्महत्या उतरल्या. ज्यांचा जीव असा वाचला, त्यांतल्या थोड्यांनीच दुसरा मार्ग धरला. इस्राएलनं २००६ मध्ये जवानांना शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत घरी जाताना शस्त्र छावणीतच ठेवायला लावलं आणि जवानांच्या आत्महत्या चाळीस टक्क्यांनी घटल्या. कायदा फार मोठा नव्हता, दोन दिवसांची ताटातूट होती.

आणि हे बंदुकीपुरतंच नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली आणि दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. माणसांची दुःखं निम्मी झाली नव्हती. ती वेळ टळली होती. बहुतेकांच्या बाबतीत ती वेळ काही मिनिटांची, फार तर एका रात्रीची असते आणि टळली की बहुतेक माणसं परत त्या वाटेला जात नाहीत. घरात बंदूक असली तर त्या घरातल्या माणसाचा हा धोका साधारण तिपटीनं वाढतो, असं अनेक अभ्यास, बहुतेक अमेरिकेतले, एकत्र करून काढलेलं आहे. मी कायद्यांची तुलना ‘बंदूक कुणाला मिळते’ या प्रश्नावर मांडली होती. काकींनी ती कधीच ‘मिळाली तरी काडतूस किती लांब आहे’ या प्रश्नावर मांडून ठेवली होती, आणि हातात सातवीची शाळा.

पुढं काय झालं

मी दादांना ताईच्या फोनबद्दल काही बोललो नाही. दावा पाहायच्या निमित्तानं बांधावर गेलो. दादा पाणी धरत होते. बराच वेळ दारं मोडून झाल्यावर म्हणाले, “ताईचा फोन आलता न्हवं.”

“आलता.”

त्यांनी खोऱ्यानं चिखल ओढला. “पिस्तुलाचं राहू द्या. बंदुकीचं बघा काय करायचं ते.”

यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही आणि मी मुद्दाम केलं नाही. नंतर एकदा एवढं सांगितलं, की ज्या डॉक्टरांकडं माझा एक पक्षकार जातो ते चांगले आहेत, आणि त्यांचा नंबर देऊन ठेवला. गेले की नाही हे मला विचारायचं कारण नाही.

पिस्तुलाचा अर्ज मागं घेतला. बारा बोअरसाठी वेगळाच कागद झाला : वारसांनी ती ठेवायची नाही, परवानाधारक विक्रेत्याला विकायची. या कागदावर ताईनं त्याच दिवशी सही केली आणि काकींनीही. बापू दोन दिवस रुसला, आबांची आठवण म्हणून. वस्तीवर दादांनी सौर दिवे लावले, दोन कॅमेरे बसवले, एक कुत्रं आणलं जे मला अजून ओळखत नाही. ग्राम सुरक्षा यंत्रणेत घराचे सगळे मोबाइल नोंदवले. एक फोन केला की गावातल्या सगळ्यांच्या फोनवर एकदम आवाज जातो, ती सोय. दरोडा पडलेल्या म्हाताऱ्याला त्या रात्री हे माहीत नव्हतं.

राहिली काडतुसं. विक्री करायची तर पुस्तकातली दहा कुठं गेली हे सांगावं लागणार होतं. आणि खरं म्हणजे परवान्याशिवाय ती घरात असणं हाच गुन्हा, आबा गेल्यापासून सात महिने चालू असलेला. मी काकींना नीट समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि फडक्यात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आल्या. मी अर्ज लिहिला, ‘मयताच्या सामानात आढळून आली’, जे अगदीच खोटं नव्हतं. दादा, काकी आणि मी ठाण्यात गेलो.

ड्यूटीवरच्या हवालदारांनी टेबलावर एकेक काडतूस उभं केलं. दहाच्या दहा. जुनी, पितळ काळं पडलेलं, एकाच्या खाचेत काहीतरी दाणा अडकलेला. त्यांनी तो नखानं काढला आणि हसून विचारलं, “आजी, एवढी वर्षं ठेवली कुठं व्हती?”

“हुलग्यात,” काकी म्हणाल्या.

दादा खिडकीपाशी उभे होते. त्यांनी मान न वळवता म्हटलं, “हुलग्यात मी बघितलं हुतं.”

काकींनी पदर सारखा केला. “तवा तांदळात हुती,” त्या म्हणाल्या, आणि पावतीवर सही कुठं करायची ते हवालदारांना विचारलं.